दहा वाजेपर्यंत संपणारा चित्रपट

गेल्या भाद्रपदात आमच्या इमारतीच्या पाच दिवसांच्या गणपतीत, तिसऱ्या संध्याकाळी, मुलांसाठी एक चित्रपट दाखवायचा असे ठरले, आणि तो कोणता यावर पंधरा दिवस जो वाद रंगला तसा वाद पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीवरूनही आमच्याकडे कधी झालेला नाही. इमारत दादर पश्चिमेला आहे, तीन मजल्यांची आणि बरीच जुनी आहे, आणि तिच्यात लहान मुले आता मोजून नऊ उरली आहेत. पण वाद घालणाऱ्यांत त्या नवांपैकी एकही नव्हते. भांडत होतो ते आम्ही, तिशी-चाळिशीतले, ज्यांनी संगणकावर घडवलेले हे अ‍ॅनिमेशनपट शाळा-कॉलेजात असताना पाहिले आणि जे अजूनही, घरात मूल असो वा नसो, असा एखादा नवा चित्रपट लागला की पहिल्या आठवड्यात तिकीट काढतो.

अटी दोनच होत्या. चित्रपट संगणकावर घडवलेल्या त्या परिचित कौटुंबिक प्रकारातला, म्हणजे नातवाबरोबर आजीही शेवटपर्यंत बसेल असा हवा, आणि तो रात्री दहाच्या आत संपायला हवा. कारण दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, आणि गणेशोत्सवातल्या ज्या मोजक्या रात्री मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते त्यांत आमची तिसरी रात्र बसत नव्हती. साडेसातला आरती सुरू होणार, मंत्रपुष्पांजली होऊन प्रसाद वाटेपर्यंत सव्वाआठ वाजणार, म्हणजे हातात उरली १०५ मिनिटे. आमचे खजिनदार आयुष्यभर बँकेत होते आणि असा एकही चित्रपट त्यांनी पाहिलेला नाही. कोणीही सुचवलेल्या प्रत्येक नावापुढे त्यांनी पेन्सिलीने मिनिटे लिहायला सुरुवात केली. त्या पंधरा दिवसांत नि:पक्षपाती असे काही असेल तर तो कागद.

पहिली आहुती माझ्या भाच्याच्या आवडीची पडली. तो अंधेरीच्या एका संस्थेत अ‍ॅनिमेशन शिकतो, त्यामुळे आपल्या मताला दुप्पट वजन असावे अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. त्याचे म्हणणे असे, की २०१८ साली आलेल्या 'स्पायडर-मॅन : इनटू द स्पायडर-व्हर्स'नंतर आधीच्या कुठल्याही चित्रपटाचे नाव घेणे म्हणजे वेळेचा अपव्यय. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. पण नव्यानेच स्पायडर-मॅन झालेल्या नवशिक्या माइल्सची हालचाल पुष्कळदा दोन-दोन चौकटी एकच मुद्रा धरून, म्हणजे सेकंदाला बाराच मुद्रांत केलेली आहे, आणि जंगलातल्या प्रसंगात त्याच्या शेजारून झोके घेणारा मुरलेला स्पायडर-मॅन पीटर मात्र प्रत्येक चौकटीला हलतो, त्यामुळे एक जण अडखळतो आहे आणि दुसरा सराईत आहे हे कुणी न सांगता डोळ्यांना कळते. लेझीम पथकात नव्याने आलेला मुलगा जसा अर्ध्या ठेक्याने मागे राहतो, तसे ते दिसते. मला हे पटले, आणि मी ते कबूलही केले. पण चित्रपट ११७ मिनिटांचा आहे. खजिनदारांनी त्यावर काट मारली तेव्हा भाच्याने ज्या नजरेने त्यांच्याकडे पाहिले, ती नजर मी परीक्षेच्या निकालाच्या दिवशीसुद्धा त्याच्या चेहऱ्यावर पाहिलेली नाही.

पहिल्या मजल्यावरची सनदी लेखापाल शेजारीण 'श्रेक'ची. ९० मिनिटे, वेळेत बसणारा. तिचा मुद्दा चित्रपटापेक्षा पिक्सार या अ‍ॅनिमेशन कंपनीवाल्यांविषयी अधिक होता: ते लोक दर वेळी आपल्याला ठरवून रडवतात आणि आपण दर वेळी पैसे देऊन रडायला जातो, त्यापेक्षा हा हिरवा राक्षस प्रामाणिक आहे. सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर द्यायला सुरुवात झाली तेव्हा पहिलाच मान २००१ च्या 'श्रेक'ने पटकावला, आणि तोही पिक्सारच्या 'मॉन्स्टर्स, इंक.'वर मात करून, हे तिने निदान चार वेळा सांगितले. भाच्याने उत्तर दिले, की त्या 'मॉन्स्टर्स'मधल्या सलीच्या अंगावर २३ लाखांहून अधिक केस आहेत आणि तो धावला, बर्फात पडला, की ते आपापले हलतात. श्रेकला मुळात टक्कल आहे. हा युक्तिवाद मला आजही कळलेला नाही, पण त्याने बैठक जिंकली.

'श्रेक'बद्दल माझे मत दोन्ही बाजूंना न आवडणारे आहे. त्यातले निम्मे विनोद त्या काळच्या गाण्यांच्या आणि चित्रपटांच्या आधारावर उभे असल्याने ते आता विटले आहेत. जे टिकले आहे ते मूळ संकट. आपल्या दलदलीत सुखाने एकटा राहणारा एक रहिवासी रात्री जेवायला बसतो, तर कुणा सत्ताधीशाने त्याला न विचारता परीकथांतल्या सगळ्या विस्थापितांचे संक्रमण शिबिर त्याच्या दारात उभारलेले असते, आणि जागा परत मिळवण्यासाठी त्याला त्याच सत्ताधीशाचे काम करून द्यावे लागते. पुनर्विकासाच्या रांगेत उभ्या असलेल्या दादरच्या इमारतीत हे हसून पाहता येईल, याची मला खात्री नव्हती.

'टॉय स्टोरी'चे नाव निघणारच होते. २२ नोव्हेंबर १९९५ ला अमेरिकेत प्रदर्शित झालेला हा पहिला पूर्ण लांबीचा, पूर्णपणे संगणकावर घडवलेला चित्रपट फक्त ८१ मिनिटांचा आहे, म्हणून खजिनदारांचा तो पाहताक्षणी, खरे तर न पाहताच, लाडका झाला. त्याच्याविषयी मला नेहमी कौतुक वाटते ते मर्यादेच्या वापराचे. त्या वेळच्या संगणकाला कातडी, केस, कापडाच्या चुण्या जमत नव्हत्या. जे काही दाखवावे ते प्लॅस्टिकसारखे गुळगुळीत दिसे. मग प्लॅस्टिकचीच गोष्ट सांगावी, हे ज्यांना सुचले त्यांनी अर्धी लढाई तिथेच मारली. चित्रपटातली माणसे आज पाहवत नाहीत, खेळणी मात्र काल केल्यासारखी वाटतात. दुसऱ्या भागाच्या वेळची गोष्ट भाचा इतक्या तन्मयतेने सांगतो, की जणू तो तिथे हजर होता: कुणीतरी दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेने संगणकावरचा बहुतेक चित्रपट पुसला गेला, राखीव प्रतही नीट निघाली नाही, आणि अखेर नुकतेच बाळ झाल्याने घरून काम करणाऱ्या एका तंत्र-दिग्दर्शिकेच्या घरच्या संगणकावरची प्रत चादरीत गुंडाळून, जपून कचेरीत आणली तेव्हा काम वाचले. हे ऐकून खजिनदारांनी सोसायटीचे हिशेब दोन पेनड्राइव्हवर ठेवायला सुरुवात केली, हा आमच्या वादाचा एकमेव व्यावहारिक लाभ. पण 'टॉय स्टोरी' सगळ्यांचा पाठ होता, आणि पाठ असलेल्या गोष्टीसाठी पावसात खाली कोण येणार?

वहिनींचा आग्रह 'द इन्क्रेडिबल्स'चा होता, आणि तोही हिंदीत. २००४ साली हा चित्रपट आपल्याकडे 'हम हैं लाजवाब' या नावाने हिंदीतही आला आणि त्याला शाहरुख खानचा आणि त्याच्या मुलाचा आवाज होता. मूळ भाषेत पाहणारे आणि हिंदीत पाहणारे यांच्यातले वैर पिक्सार आणि 'श्रेक'वाले ड्रीमवर्क्स यांच्या वैरापेक्षा जुने आणि अधिक कडवट असते, कारण त्यात कोणाच्या घरी इंग्रजी कधी आले हा न बोललेला प्रश्न दडलेला असतो. वहिनी कळव्याच्या नगरपालिका शाळेत शिकल्या, आणि हा चित्रपट त्यांच्यासाठी हिंदीतच जन्मला. विमा कंपनीच्या खुराड्यात कोंबलेला तो अवाढव्य नायक, त्याची त्याला न मावणारी गाडी आणि जेवणाच्या टेबलावर चाललेली चौघांची खेचाखेची, हे सगळे त्यांनी इतके छान सांगितले की मी जवळजवळ त्यांच्या बाजूने गेलो होतो. ११५ मिनिटे. काट.

मग कुणीतरी विचारायचे ते विचारले, की आपल्या मुंबईचे काहीच नाही का? आहे ना. २००८ चा 'रोडसाइड रोमिओ' मुंबईच्या रस्त्यांवरच्या कुत्र्यांचा आहे, आणि २०१२ च्या 'दिल्ली सफारी'ची सुरुवात तर आपल्या बोरिवलीच्या जंगलातून होते. दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. पण त्यांची बाजू घ्यायला कोणी उभे राहिले नाही, आणि मलाही राहावेसे वाटले नाही. 'दिल्ली सफारी'त विषय आपला आहे, राग खरा आहे, पण प्राणी एक क्षण गप्प बसत नाहीत. मुलांनी स्वत:हून मागितलेले एकमेव नाव म्हणजे 'महावतार नरसिंह'. तो तेव्हा चित्रपटगृहात चालू होता, त्यामुळे प्रश्नच मिटला. तळमजल्यावरच्या काकांनी 'द लायन किंग'चे नाव घेतले आणि मग कोणता 'लायन किंग' यावर एक वेगळी उपशाखा फुटली: १९९४ चा हाताने काढलेला, म्हणून आमच्या अटीत न बसणारा, की २०१९ चा, ज्यात अगदी पहिला सूर्योदय सोडला तर सारे काही संगणकातून आलेले आहे आणि सिंह इतके खरे आहेत की बापाच्या प्रेताशेजारी छाव्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही. काकांनी स्वत:च नाव मागे घेतले.

आता माझी बाजू. असा चित्रपट चांगला की नाही, हे मी एकाच कसोटीवर ठरवतो: त्यातली माणसे, खेळणी, यंत्रे बोलायची थांबली की गोष्ट पुढे जाते का? २००८ च्या 'वॉल-ई'त पहिला बराच वेळ नीटसे संभाषणच नाही. कचरा रचणारे एक गंजके यंत्र आहे, त्याचे दोन दुर्बिणीसारखे डोळे आहेत, आणि त्याला एकटे वाटते आहे हे तीन वर्षांच्या मुलालाही कळते. 'रॅटाटुई'तला तो हाडकुळा खाद्यसमीक्षक घास तोंडात घालतो, क्षणात आईच्या स्वयंपाकघराच्या दारात लहान होऊन उभा राहतो, आणि परत येताना त्याच्या हातातले पेन गळून पडते, एवढेच. पण माझी खरी भिस्त २००९ च्या 'अप'वर होती. सुरुवातीची ती चार-पाच मिनिटे, संगीतकार मायकल जियाकिनोच्या एका साध्या चालीवर सरकणारा, कार्ल एकटा उरेपर्यंतचा कार्ल आणि एलीचा संसार, मी निदान वीस वेळा पाहिला असेल. प्रवासासाठी पैसे साठवायची एक काचेची बरणी आहे. गाडीचे टायर फुटते, बरणी फुटते. पाय मोडतो, बरणी फुटते. घरावर झाड कोसळते, बरणी फुटते. ती बरणी आमच्या घरी हॉर्लिक्सची होती, तिच्यावर आईने पट्टी चिकटवून 'काश्मीर' असे लिहिले होते, आणि ती फुटली नाही एवढाच फरक. दर पावसाळ्यात गच्चीची गळती काढायला तिचे झाकण उघडले जाई. काश्मीरला आम्ही गेलो नाही. 'अप'मध्ये मधेच एक साधा तपशील आहे, एली रोज सकाळी नवऱ्याचा टाय बांधते आणि टाय बदलत जातात, हात म्हातारे होत जातात. एक शब्द नाही. ज्याने हे सुचवले त्याला, वर्षे कशी जातात हे माहीत होते.

भाच्याने माझा सिद्धान्त दोन वाक्यांत उडवला. न बोलणे हा गुण असेल तर सगळ्यांना जुने मूकपट दाखवा, त्यासाठी संगणक कशाला हवा. आणि मामा, तुला शब्द नसलेले प्रसंग आवडतात कारण तिथे तुला स्वत:चे शब्द घालता येतात. दुसरे वाक्य मला लागले, हे मी त्या दिवशी त्याला सांगितले नाही.

'अप' ९६ मिनिटांचा. वेळेत बसत होता, विरोधही फारसा नव्हता. पण आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा त्याच चैत्रात एकटे झाले होते आणि ते दर वर्षी पहिल्या रांगेत, खांबाजवळच्या खुर्चीवर बसतात. बैठकीत कोणी काही बोलले नाही. मीच उठून खजिनदारांच्या कागदावरचे नाव खोडले.

कोंडी फोडली ती दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या नातीने. तिने २०१७ च्या 'कोको'चे नाव सुचवले, आणि खजिनदारांनी मिनिटे पाहून पेन्सिल खाली ठेवली: बरोबर १०५. आता अडचण वेगळीच आली. मेक्सिकोतल्या मृतांच्या सणाची ही गोष्ट आहे, मिगेल नावाचा गाण्याचे वेड असलेला मुलगा पूर्वजांच्या लोकात जाऊन पोहोचतो. गणपती बसलेले असताना पितरांचा चित्रपट कसा चालेल, पंधरवडा पुढे आहेच ना, असा आक्षेप तळमजल्यावरच्या काकूंनी घेतला, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. 'अप' ज्या कारणाने खोडला त्याच कारणाने हाही खोडावा लागेल की काय, असे मला वाटू लागले. तेवढ्यात नातीने मोबाइलवर त्यांना तो पूल दाखवला, जिवंतांच्या आणि मृतांच्या जगांमधला, सबंध झेंडूच्या पाकळ्यांचा. झेंडू मुळात तिकडचाच, मेक्सिकोकडून निघून जगभर गेला आणि आपल्या दसऱ्याच्या तोरणात येऊन बसला, हेही तिने सांगितले. काकू बराच वेळ त्या चित्राकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढा झेंडू दादरच्या बाजारातून आणायचा म्हटला तर काय भाव पडेल गं?" ही त्यांची संमती आहे असे आम्ही सोयीस्करपणे धरून चाललो.

त्या संध्याकाळी आरती वेळेवर संपली, पण पाऊस आला. ताडपत्रीत पाण्याचे पोट तयार झाले, ते काठीने वर ढकलून रिकामे करेपर्यंत पडद्याच्या चादरीचा खालचा कोपरा भिजला. मग प्रोजेक्टरने पेनड्राइव्ह ओळखायला नकार दिला. खजिनदारांनी अभिमानाने खिशातून दुसरा काढला. सुरुवात व्हायला साडेआठ झाले. म्हणजे शेवट सव्वादहाला, आणि तो हिशेब मनात सगळ्यांनी केला, बोलले कोणीच नाही.

आवाज इंग्रजी होता. आजींना इंग्रजी येत नाही, म्हणून नात त्यांच्या खुर्चीशेजारी पाटावर बसून हळू आवाजात मराठी सांगत होती, आणि मी मागेच असल्याने मला दोन्ही ऐकू येत होते. ती भाषांतर करत नव्हती, बातमी देत होती: "हा त्याचा खापरपणजोबा नाहीच आहे." "ज्याचा फोटो कोणी मांडत नाही त्याला पूल ओलांडता येत नाही." "आता त्याला कोणी आठवत नाही म्हणून तो संपत चाललाय." आजी प्रत्येकाला "बरं" म्हणत होत्या. खांबाजवळचे आजोबा एकदाही उठले नाहीत; मी दर पाच मिनिटांनी पाहत होतो.

दहाला खजिनदार उठले आणि त्यांनी आवाज बंद केला. माणसाने नियम पाळला, त्याला मी दोष देत नाही. पण नेमका कोणता क्षण! मिगेल गिटार घेऊन घरी धावत आला आहे, सगळे विसरत चाललेली त्याची पणजी खुर्चीत बसली आहे, नजर कुठेच नाही, आणि आता तो तिच्या बापाचे गाणे तिला म्हणून दाखवणार. ज्या गाण्याला ऑस्कर मिळाले ते गाणे आमच्या अंगणात मुके झाले. मुलांनी एकच ओरडा केला, भाच्याने कपाळावर हात मारला, आणि पडद्यावर एक मुलगा नुसताच ओठ हलवत राहिला. पाऊस ताडपत्रीवर वाजत होता. पणजीची बोटे हलली. मग सुरकुत्यांच्या जाळ्यात कुठेतरी ओठांची कड थरथरली, आणि ती त्याच्याबरोबर गाऊ लागली, म्हणजे तसे दिसले. नात सांगायची थांबली होती.

"म्हातारीला आठवलं वाटतं," आजी म्हणाल्या.

पुढे पणजी खणातून वही काढते, त्यातून फोटोचा फाटलेला तुकडा, बापाचा चेहरा असलेला. तोही आजींनी स्वत:च ओळखला आणि नातीला सांगितला.

आता मी हा माझ्या सिद्धान्ताचा विजय म्हणून मांडला तर भाचा मला सोडणार नाही, आणि त्याने सोडलेही नाही. खुर्च्या आवरताना त्याने ऐकवले, की त्याआधीचे दीड तास कानात मराठी ओतले गेले नसते तर आजींना त्या बोटांचा अर्थ लागला नसता. आणि गाण्याचा प्रसंग गाण्याशिवाय दाखवणे हा त्या गाण्यावर अन्याय आहे, सिद्धान्त वगैरे काही नाही. पहिला मुद्दा मला मान्य आहे. दुसऱ्यावर आम्ही भिजलेली चादर दोन टोकांनी पिळत साडेअकरापर्यंत भांडलो.

विसर्जनानंतरच्या जमाखर्चाच्या बैठकीत खजिनदारांनी ठराव मांडला, की पुढच्या वर्षीचा चित्रपट ९० मिनिटांच्या वर असता कामा नये. भाच्याने तिथल्या तिथे 'फ्लो' सुचवला. लात्व्हियातल्या एका तरुण दिग्दर्शकाने कुणालाही फुकट मिळणाऱ्या ब्लेंडर या सॉफ्टवेअरवर केलेला, पुरात सापडलेल्या एका मांजराचा चित्रपट, २०२५ च्या सोहळ्यात ऑस्कर मिळालेला. लांबी दीड तासाच्या आत. आणि त्यात, पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत, एकही संवाद नाही. हे सांगताना तो माझ्याकडे मुळीच पाहत नव्हता.

खजिनदारांनी मिनिटे लिहून घेतली. शेजारणीने मात्र हात वर करून विचारले, की मांजर शेवटी मरत नाही ना, तेवढे आधी सांगा.